नऊवारीतलं जॅझ

समूहगान शिकवणाऱ्यांची परिषद गिरगावात भरणार असं कळलं तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीही म्हणेल की ही बाई तिथे नाक मुरडायलाच गेली होती.

मी परळच्या एका शाळेत कित्येक वर्षं संगीत शिकवते आणि दादरला बायकांचं एक गायनमंडळ चालवते. आमच्यासारख्यांसाठी कुणी परिषद भरवत नाही. डॉक्टरांच्या भरतात, दंतवैद्यांच्या भरतात. शाळेला संगीताच्या बाईंची आठवण होते ती झेंडावंदनाला आणि कुणी साहेब तपासणीला येणार असेल त्या दिवशी. एरवी माझा तास गणिताच्या बाईंना उसना दिला जातो आणि तो परत येत नाही. त्यामुळे तीन दिवस आपल्याच धंद्यातल्या माणसांत बसायचं, चाळीस माणसांची तोंडं एकाच वेळी कशी उघडायला लावायची यावर बोलायचं, या कल्पनेनंच मी खूश होते. शाळेकडून रजा मिळवली आणि मंडळातल्या माझ्या मैत्रिणीलाही नाव द्यायला लावलं.

ही मैत्रीण लालबागची. मूळ घर मालवणकडचं. परळच्या एका इस्पितळात तिनं नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. जुन्या चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात ती आता चौदाव्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद पडली की चाळीची आठवण काढते. तिचा आवाज खालचा, जाडसर. बायकांच्या मंडळात असा आवाज मिळणं मुश्कील. सगळ्यांना वरचीच पट्टी हवी असते. माझ्याशी ती साधं मुंबईचं मराठी बोलते, पण मन हललं की मालवणी बाहेर येतं.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही चर्नी रोडजवळच्या त्या शाळेच्या सभागृहात पोचलो. समूहगान चालवणाऱ्याला इंग्रजीत कंडक्टर म्हणतात, म्हणून फाटकावरच्या वॉचमनला मी म्हटलं, कंडक्टर लोकांची मीटिंग आहे ना? त्यानं विचारलं, "कुठला डेपो?" मैत्रीण हसत सुटली. आत गेल्यावर आमच्या गळ्यात नावाच्या पट्ट्या घातल्या, हातात कार्यक्रमपत्रिका दिली, आणि माझ्या आनंदाला तिथेच ओहोटी लागली.

तीन दिवसांतली निम्म्याहून जास्त सत्रं 'व्होकल जॅझ'ची होती. व्होकल जॅझ आणि ताल. व्होकल जॅझ आणि माईक. व्होकल जॅझ आणि आत्मविश्वास. बाकीचं सगळं, म्हणजे चर्चमधलं गाणं, शाळेतल्या प्रार्थना, आपल्याकडची समूहगीतं, असं एका दुपारच्या सत्रात कोंबलेलं होतं. जेवणानंतरच्या. देशभरातून शंभरेक माणसं आली होती. त्यांतल्या बहुतेकांना उद्या आपापल्या गावी जाऊन एका हार्मोनियमवर पन्नास पोरांना सांभाळायचं होतं. त्यांना ही भेट.

जॅझ शिकवायला एक गृहस्थ होते. चाळिशीचे, इथलेच, पण मधली काही वर्षं परदेशी राहून आलेले. पायात बिनमोज्यांचे भारी बूट. आम्हा सगळ्यांना ते 'फॅमिली' म्हणायचे. "ओके फॅमिली, उभे राहा." "फॅमिली, श्वास घ्या." माझ्या स्वतःच्या घरच्यांनी मला इतक्या वेळा उठबस करायला लावलेली नाही. त्यांचं बोलणं इंग्रजीत असे आणि प्रत्येक वाक्य 'फील' या शब्दापाशी येऊन थांबे. फील करा. फील नाही येत आहे. फील शिकवता येत नाही. हे शेवटचं ऐकल्यावर मी मनात म्हटलं, मग तीन दिवस इथे काय करायचंय?

पहिलं सत्र टाळ्यांचं. चार मात्रांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची, पहिल्या आणि तिसऱ्यावर नाही. आपल्याकडे पहिल्या मात्रेवर, समेवर, टाळी द्यायची सवय. ती हाडात मुरलेली असते. शंभर जण जोशात सुरू करायचे आणि थोड्याच वेळात घसरत घसरत पुन्हा समेवर येऊन बसायचे. यात हसण्यासारखं काय आहे? पण गृहस्थ हसले. "इंडिया अजून निवडणुकीच्या सभेतच टाळ्या वाजवतोय," म्हणाले. पुढच्या रांगेतले संयोजक खो खो हसले. वसईहून आलेले एक वृद्ध चर्चमास्तर माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी शांतपणे हात खाली ठेवले आणि सत्र संपेपर्यंत वर उचलले नाहीत. मी मुलांना एवढंच सांगत आले आहे की टाळी कुठेही द्या, पण सगळ्यांनी एकाच ठिकाणी द्या. हे इतकं साधं आहे की त्यावर परिषद भरवता येणार नाही.

माईकच्या सत्रात तर मी थक्क झाले. एका महागड्या कॉलेजची आठ मुलं प्रात्यक्षिकाला आणली होती. आठ मुलं आणि आठ माईक. प्रत्येकानं आपापल्या माईकला ओठ टेकवून कुजबुजल्यासारखं गायचं. समूहगान म्हणजे शेजारच्याच्या आवाजात आपला आवाज मिसळायचा, हे शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. इथे ते काम कोपऱ्यात मिक्सरवर बसलेला माणूस बोटांनी करत होता. मुलांनी एकमेकांचं ऐकायची गरजच नव्हती. सत्र संपल्यावर सगळ्यांनी मुलांची पाठ थोपटली, मिक्सरवाल्याला कुणी पाणीही विचारलं नाही.

आणि मग स्कॅट. स्कॅट म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांवर गायचं, तिथल्या तिथे सुचेल तसं. डू-बा, शू-बी, डॅप. गोल करून उभं केलं आणि एकेकानं मध्ये येऊन चार ओळींपुरतं गायचं. कंपन्यांमधून कर्मचाऱ्यांना गायला शिकवणारा एक तरुण मध्ये गेला आणि त्यानं अंगाला असे काही झटके दिले की मला वाटलं धरायला जावं लागतंय. सगळे "वॉव" म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा अर्थातच ठणठणीत होता.

नंतर मैत्रीण मध्ये गेली.

तिनं साडीचा पदर खोचला, एकदा इकडेतिकडे बघितलं आणि त्या जाड आवाजात सुरू केलं, "डू-बा… डू-बा-डॅप…" दुसऱ्या ओळीत चुकली. थांबली, स्वतःशीच हसली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा चुकली, पण या वेळी थांबली नाही. रात्रपाळ्या करून करून हिचा चेहरा कायम अर्धा झोपेत असल्यासारखा दिसतो. तो त्या मिनिटाभरात पूर्ण जागा झाला होता. मी तिला इतकी वर्षं ओळखते. माझ्या एकाही गाण्यात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

जेवताना मी म्हटलं, "काय थिल्लरपणा चाललाय सगळा."

"माका आवाडला," ती म्हणाली.

"त्यात आवडण्यासारखं काय आहे? अक्षरांना अर्थ नाही, चालीला ठिकाण नाही."

"तेच तर. आयुष्यभर सगळ्याचा अर्थ लावत बसले गो. ताप किती, नाडी किती, साहेब काय म्हणाले. ह्याला काय अर्थच नाय. चुकलं तरी कोण मरत नाय."

मग मी पुलावाला नावं ठेवली. पुलावही वाईटच होता.

दुपारी जाहीर झालं की शेवटच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात प्रतिनिधींतूनच निवडलेला एक जॅझ गट गाईल. निवड झाली, आणि तीत मैत्रिणीचं नाव होतं. आठ ओळींचा एकटीचा तुकडाही तिला मिळाला होता. माझं नाव नव्हतं, ते रास्तच होतं. ती दोन दिवस जिन्यात, स्वच्छतागृहात, टॅक्सीत, सगळीकडे डू-बा करत होती. टॅक्सीवाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. लालबागला उतरताना ती म्हणाली, "नातवाक गावन दाखवतंय आता." मी कपाळावर हात मारला, पण मनातून वाटलं, गाऊ दे. निवडली आहे तर गाऊ दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या तालमीनंतर चहाच्या वेळी संयोजक बाई आमच्याजवळ आल्या. शिवाजी पार्ककडच्या, अतिशय गोड बोलणाऱ्या. त्यांच्या मागे ते जॅझवाले गृहस्थ.

"तुमच्याकडे नऊवारी असेलच ना हो?" बाईंनी मैत्रिणीला विचारलं.

"आईची आहे. कशाला?"

"उद्यासाठी! आम्ही एक छान कल्पना काढलीय. बाकी सगळे काळ्या कपड्यांत, आणि मधोमध तुम्ही नऊवारी आणि नथीत. आणि तुमच्या तुकड्यात डू-बाऐवजी सारेगम. म्हणजे आपलं मराठमोळं स्कॅट! परदेशी पाहुणे आहेत उद्या, त्यांना काहीतरी आपलं दिसायला हवं."

मैत्रिणीनं कप खाली ठेवला. "पण मी डू-बा बसवलंय."

"ते तर सगळेच गाणार आहेत. तुमचं वेगळं दिसेल."

"सारेगम मला येतं बाई. ते शिकायला मी इथं आले नाय."

गृहस्थ पुढे झाले. इंग्रजीत समजावू लागले की यात तिचा सन्मान आहे, हा तिच्या मुळांचा उत्सव आहे. मैत्रिणीला इंग्रजी समजतं. इस्पितळात सगळं इंग्रजीतच चालायचं. पण तो माणूस प्रत्येक शब्द सुटा करून, हळू, मोठ्यानं बोलत होता, जसं बहिऱ्याशी बोलतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन दिवस ज्या प्रकाराला मी शिव्या घालत होते त्याचीच बाजू घ्यायला मी उठले.

"तिची मुळं लालबागला आहेत," मी म्हटलं. "लालबागला कुणी नथ घालून सारेगम म्हणत भाजी आणायला जात नाही. तिची निवड तुम्ही कशावरून केलीत? आवाजावरून ना?"

"अर्थात," गृहस्थ म्हणाले.

"मग आवाज तोच आहे. कालच्याच साडीतून येतो."

"मॅडम, जॅझ म्हणजे स्वातंत्र्य," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना जराही लाज वाटली नाही.

"मग काय गायचं ते तिला ठरवू द्या. त्या कंपनीवाल्या तरुणाला तुम्ही धोतर नेसायला सांगितलंत का? तो नागपूरचा आहे."

बाईंच्या चेहऱ्यावरचा गोडवा तसाच राहिला, फक्त त्यातलं पाणी आटलं. "अहो, तुम्ही उगाच वेगळ्या अर्थानं घेताय. आपणच आपली संस्कृती दाखवायला लाजलो तर कसं व्हायचं?"

आता यावर माझ्याकडे बरंच होतं. मी तोंड उघडलंही. पण मैत्रिणीनं माझा दंड धरला. वॉर्डमध्ये नातेवाईकांना बाजूला करताना धरत असेल तसा, घट्ट. आणि त्या गृहस्थांना स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "सर, मी डू-बा गाईन. नाहीतर खाली बसून ऐकेन. दोन्ही चालेल मला."

"बघू," ते म्हणाले.

त्यांनी जे बघितलं ते आम्हाला तिसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. तालमीत मैत्रिणीच्या जागी त्या महागड्या कॉलेजातली एक मुलगी उभी होती. कुणी काही सांगितलं नाही. मैत्रीण रंगमंचाच्या पायऱ्यांपर्यंत गेली, वर बघितलं आणि परत आली. संयोजक बाई त्या वेळी फुलांची मांडणी बघण्यात फार गुंतल्या होत्या.

"आपण घरी जाऊ या," मी म्हटलं.

"कशाला? पैसे भरलेत. नि ऐकायचंय मला."

संध्याकाळी सभागृह भरलं. परदेशी पाहुणे म्हणजे एक वयस्क जोडपं निघालं. ते सगळा वेळ पत्रिकेनं वारा घेत होते. जॅझ गट आला. मधोमध ती मुलगी. भाड्यानं आणलेली, शिवून ठेवलेली नऊवारी, जी पायजम्यासारखी चढवतात. नथ सारखी ओठात जात होती, बिचारी एका हातानं माईक आणि दुसऱ्या हातानं नथ सांभाळत होती. मुलीचा काय दोष? तिला सांगितलं तसं ती करत होती. तिचे आठ ओळींचे सारेगम आले. पहिल्या दोन ओळींत एक राग, पुढच्या दोनांत दुसरा, उरलेल्या चारांत कुठलाच नाही. माझ्या सातवीच्या वर्गात मी तिला थांबवलं असतं. इथे सभागृह उभं राहिलं. संयोजक बाईंनी डोळे पुसले. गृहस्थांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली, जणू सारेगम त्यांनीच शोधून काढलं होतं.

मी बसून राहिले. मैत्रीणही. तिच्याकडे बघितलं तर ती मांडीवर बोट आपटत होती, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, अचूक.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटला तर. खोटा कित्या बोलू? रात्री झोप नाय लागली." मग हनुवटीनं रंगमंचाच्या कडेला दाखवलं. "पण तो मोठं वाजवतो ना उभं राहून, त्याच्याकडे बघ. काय चालतो त्याचा हात."

तिथे एक पोक्त माणूस माणसाएवढं उंच, बास नावाचं तंतुवाद्य घेऊन उभा होता. कुणाकडेही न बघता तो एकेक सूर खाली ठेवत होता. तो चांगला वाजवत होता, अगदी चांगला. तीन दिवसांत मला मनापासून आवडलेली ती एकच गोष्ट आणि तेही गाणं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर प्रमाणपत्रं वाटली. ती घेऊन निघालो तर ते गृहस्थ दारातच भेटले. हारतुऱ्यांतून मोकळे होऊन मोठ्या मनाचे झालेले. मैत्रिणीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही वर असायला हव्या होतात."

तिनं हात सोडवून घेतले आणि विचारलं, "सर, एक शंका होती. ते 'डॅप' येतं ना, ते मात्रेच्या जरा आधी घ्यायचं की नंतर? मी दोन्ही करून बघितलं. आधी घेतलं की पुढचं चुकतं."

ती खरंच विचारत होती. टोमणा वगैरे काही नव्हता. गृहस्थांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "फील इट," म्हणाले आणि कुणीतरी फोटोला बोलावलं म्हणून गेले.

"सांगितला नाय," मैत्रीण म्हणाली.

"माहीत असेल तर सांगेल," मी म्हटलं. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं मग मी टॅक्सीत भायखळ्यापर्यंत बोलत राहिले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

मला वाटलं होतं, प्रकरण तिथेच संपेल. पुढच्या मंगळवारी मंडळाच्या सरावाला ती मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ उतरवून घेऊन आली आणि शेवटची दहा मिनिटं मागितली. मी नाही म्हणू शकले नाही. बायका आधी हसल्या. एकीनं विचारलं, "हे काय, बाळाला झोपवायचंय का?" पण चारपाच जणी दर मंगळवारी थांबायला लागल्या. त्यांतली एक बँकेतली आहे. दिवसभर लोकांशी भांडून आलेली असते, ती तर फारच जोरात डू-बा करते. मी बाजूला बसून पेटी पुसत असते. मदत मागितली तर तेवढी करते. डॅप मात्रेच्या किंचित नंतर घ्यायचं असतं, हे आम्ही दोघींनी मिळून व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकून शोधलं. त्याला फीलपेक्षा कान जास्त लागला.

परिषदेचं पुढचं निमंत्रण आलं. त्यावर नऊवारीतल्या त्या मुलीचा फोटो होता. संयोजक बाईंनी फोन करून आमच्या मंडळाला बोलावलं, "पारंपरिक वेशात" असं तीनदा म्हणाल्या. मी सांगितलं, आमचा मंगळवारचा सराव बुडतो. परिषद शुक्रवारपासून होती. त्यांनी ते लक्षात आणून दिलं, मी फोन ठेवला.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मी मैत्रिणीला पाच मिनिटं दिली. दादरचं छोटं सभागृह, समोर आमच्याच घरचे लोक, मध्यंतरानंतर वडा खाऊन सुस्तावलेले. ती रोजच्याच सुती साडीत उभी राहिली, मागे चौघी. गाणं झालं. टाळ्या द्यायच्या की नाही ते कुणालाच कळेना. एका सभासद बाईंच्या यजमानांनी माईक बिघडला होता का म्हणून विचारलं. मग तिच्या नातवानं शिट्टी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, उरकल्यासारख्या.

आत येऊन ती पाणी प्यायली. "मधे चुकले मी, नाय?"

"दोनदा."

"दुसऱ्यांदा कळलं मला. पहिल्यांदा कुठं?"

मी तिला ती जागा गाऊन दाखवली. डू-बा म्हणून. बँकेतली बाई दारात उभी राहून ऐकत होती. तिला मी हातानंच जायला सांगितलं. मैत्रिणीनं ती जागा माझ्याबरोबर पुन्हा म्हटली, पुन्हा चुकली, आणि बाहेर पुढच्या गाण्यासाठी आमच्या नावाचा पुकारा होईपर्यंत आम्ही तेच करत बसलो.